पट्टीवरचं अक्षर

आप्पा मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण माणूस नजरेआड झाला की त्याच्याबद्दल गोड बोलायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि मी त्यांच्याबद्दल गोड बोलले तर ऐकणाऱ्याला उगाच वाटेल की मी चांगली आहे.

धाराशिवच्या एका खासगी दवाखान्यात, डायलिसिसच्या विभागात, आम्ही सहा वर्षं एकत्र काम केलं. मी सिस्टर, परंड्याहून नवीनच आलेली. ते तिथले सगळ्यांत जुने टेक्निशियन, साठीला टेकलेले. गाव उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात कन्नड, बाहेर मराठी. माणसांवर ते मराठीत खेकसायचे आणि मशीनला कन्नडमधून लाडीगोडी लावायचे. रक्त नीट येईनासं झालं की मशीनच्या कडेला हात ठेवून "बा अम्मा, बा," म्हणजे ये बाई ये, असं चालायचं. आमच्याशी इतक्या मायेनं ते कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या बोटांवर चिमटा मारला होता. लोखंडी चिमटा, कापूस धरायचा. मी एका पेशंटच्या मानेतल्या नळीत सलाईन भरायला निघाले होते.

"आधी वढ," ते म्हणाले. "आत काय साचलंय ते भाईर तर येऊ दे. न बघता ढकलतीस? कुठं जाणार ते? सोलापूरला?"

पाच पेशंट, त्यांचे नातेवाईक, झाडूवाल्या मावशी, सगळ्यांसमोर. माझी बोटं दिवसभर लाल होती. ते बरोबर बोलले होते हे मला त्याच दिवशी कळलं होतं, पण त्यानं बोटांची आग कमी झाली नाही.

ही मानेतली नळी काय असते ते सांगते. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाचं रक्त आठवड्यातून दोन-तीनदा बाहेर काढून, धुऊन परत आत सोडावं लागतं. त्यासाठी हाताची शीर ऑपरेशन करून जाड करतात, त्याला फिस्टुला म्हणतात. ती तयार व्हायला महिना-दोन महिने जातात. तोवर मानेतल्या मोठ्या शिरेतून एक दुतोंडी नळी घालतात, तिचं टोक पार हृदयाच्या दारापर्यंत जातं. नळी घालायची ती थोड्या दिवसांसाठी. पण आमच्याकडं माणसं हाताचं ऑपरेशन टाळतात. हात गेला तर काम कोण करणार, ही भीती. मग नळी राहते चार-चार महिने. आणि रक्ताला परकी वस्तू सोसत नाही. ते तिच्याभोवती हळूहळू गोठायला लागतं.

आप्पा त्या नळीला पाव्हणा म्हणायचे. पेशंट दारातून आत आला की नमस्कार नाही, बरं आहे का नाही, पहिला प्रश्न, "पाव्हणा किती दिसांचा झाला?" पेशंटला आकडा सांगता आला नाही की त्या दिवशी त्याची खैर नव्हती. आणि पेशंट विसरतो म्हणून आप्पांनी स्वतःची एक पद्धत काढली होती. मानेवरच्या पांढऱ्या चिकटपट्टीवर ते निळ्या मार्करनं लिहायचे. दिवस ९. दिवस २३. दिवस ४१. दर खेपेला नवी पट्टी, नवा आकडा. ढोकीच्या बाजारात असा आकडा मानेवर घेऊन फिरणारा माणूस दिसला की लोक ओळखायचे, हा आप्पांच्याकडचा.

रजिस्टर होतं आमच्याकडं. चांगलं जाड, लाल पुठ्ठ्याचं. आप्पा त्यात सही करायचे आणि मिटून ठेवायचे. मोठ्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, "आप्पा, जे लिहायचं ते रजिस्टरमध्ये लिहा की. माणसांना पाटी करून ठेवलंय तुम्ही."

"रजिस्टर कपाटात ऱ्हातं, सायेब," आप्पा म्हणाले. "पेशंट पलंगावर ऱ्हातो. ज्याला हात लावायचा त्याच्यावरच लिवलेलं बरं."

तिथंच थांबले असते तर ठीक होतं. पण आकड्याशेजारी जागा उरायची आणि आप्पांना उपदेशाची खाज. मग पट्टीवर सूचना यायला लागल्या. दिवस ३३, लोणचं खाऊ नये. दिवस ५८, थोरल्या जावयाशी भांडू नये. एका माणसाच्या मुलीचं लग्न होतं, त्याच्या मानेवर लिहिलं, दिवस २९, वरातीत नाचू नये. तो नाचला. सदऱ्याची कॉलर खाली सरकलेली आणि बँजोच्या तालावर ते वाक्य वरखाली होतंय, असा व्हिडिओ सगळ्या तालुक्यात फिरला. आम्ही हसून हसून बेजार झालो. आप्पा हसले नाहीत. पुढच्या खेपेला त्या माणसाची पट्टी काढून त्यांनी टाके तपासले, एक टाका उसवला होता, तो त्याला आरशात दाखवला आणि मगच मशीन सुरू केलं.

डायलिसिस सुरू करताना नळीतलं जुनं रक्त आधी ओढून घ्यायचं असतं. ते आप्पा पांढऱ्या गॉजवर पसरायचे, आणि बाई सुपात ज्वारी निवडते तसं वाकून बघायचे. काळा दाणा दिसला की गॉज पेशंटच्या डोळ्यांपुढं. "हे बघ. हे तुझ्या काळजात गेलं असतं." बायामाणसं घाबरून रडायची. मी त्यांना म्हणाले होते, "आप्पा, जरा बेतानं सांगत जा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि तोच गॉज माझ्यापुढं धरला.

तुळजापूरची एक कासारीण आमच्याकडं यायची. मंदिराच्या रस्त्याला बांगड्यांचं दुकान. नवरात्रात गोमुखाखाली अंघोळ केल्याशिवाय ती देवीपुढं जात नसे, इतक्या वर्षांचा नेम. नळी भिजली तर जंतू आत जातात, म्हणून मानेवरून पाणी घ्यायचं नसतं. आप्पांनी तिच्या पट्टीवर लिहिलं होतंच. तरी सुट्टीच्या दिवशी हे गृहस्थ एसटीनं तुळजापूरला गेले, गर्दीत तिला हुडकून काढलं आणि भर पायऱ्यांवर तिच्या मानेला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळायला लागले. लोकांना वाटलं म्हातारा प्यालाय. दोघा-तिघांनी धरून बाजूला केलं, शर्ट फाटला. कासारीण गोमुखाखाली गेलीच. आणि तिला काहीही झालं नाही. ताप नाही, थंडी नाही. सोमवारी आली ती सगळ्या विभागाला प्रसाद वाटत आली, आप्पांना सोडून.

असं फार वेळा व्हायचं. आप्पा भीती घालायचे आणि काही व्हायचं नाही. ज्याचं काही बिघडलं नाही त्याला आप्पा खुळे वाटायचे, आणि बहुतेकांचं काही बिघडत नव्हतं. ते का बिघडत नव्हतं, हा विचार करायला कुणाला सवड नव्हती. मलाही नव्हती. मी तर त्यांच्याबरोबर ड्यूटी लागली की दुसऱ्या सिस्टरकडं पाळी बदलून मागायचे. लोक मला विचारतात, त्यांच्या या वेडापाठीमागं काही दुःख होतं का, घरातलं कुणी असं गेलं होतं का. तसं काही नव्हतं. बायको होती, दोन मुलगे पुण्याला नोकरीला होते, सगळं धडधाकट होतं. आप्पांना ते काम नीट व्हावंसं वाटत होतं, एवढंच.

ढोकीजवळचा एक ट्रॅक्टरवाला होता, बालाजी. चाळिशीतला, अंगानं आडवा, आवाज मोठा. साखर कारखान्याला ऊस वाहायचा. बीपीकडं लक्ष दिलं नाही आणि मूत्रपिंडं गेली. आला तेव्हा तोंड सुजलेलं, दम लागलेला. नळी घातली, डायलिसिस झालं, तिसऱ्या दिवशी माणूस मला म्हणतो, "सिस्टर, भजी मिळतील का?" त्याची बायको सुरेखा कपाळाला हात लावून हसली.

हाताचं ऑपरेशन करायला तो तयार नव्हता. स्टेअरिंग कोण धरणार, म्हणायचा. आप्पांनी अडीच महिने त्याचं डोकं खाल्लं. शेवटी सोलापूरला जाऊन डाव्या हातावर फिस्टुला करून आला, पण तोवर पाव्हणा जुना झाला होता. आणि एके दिवशी नळीचं एक तोंड बंद पडलं. ओढलं तर काही येईना. बालाजीला थंडी वाजून ताप आला, तो औषधांनी उतरला. आप्पांनी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर ठाण मांडलं.

"हृदयाचा फोटो काढा. टोकाला कायतरी धरलंय."

"आप्पा, डॉक्टर मी आहे का तुम्ही?"

"डाक्टर तुमीच. पर चार-चार तास त्याच्याजवळ म्या बसतो."

आठवड्यातून एकदा सोलापूरचे एक डॉक्टर सोनोग्राफीच्या मशीनवर हृदय तपासायला यायचे. त्यांनी पाहिलं. मी तिथंच होते, जेल पुसायला कापूस घेऊन. पडद्यावर हृदयाच्या उजव्या कप्प्यात नळीच्या टोकाला काहीतरी लोंबत होतं, मोठ्या द्राक्षाएवढं, आणि दर ठोक्याला हलत होतं. गुठळी. आप्पांनी गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहिला.

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं ते स्पष्ट होतं. रक्त पातळ करायची औषधं चालू करायची. नळी एवढ्यात ओढायची नाही, ओढताना गुठळी सुटली तर ती थेट फुप्फुसात जाते, मग हातात मिनिटं असतात. दोन-तीन आठवड्यांनी परत फोटो घ्यायचा, गुठळी विरघळत असेल तर बघून काढायची, नाहीतर छाती उघडता येते अशा ठिकाणी न्यायचं. मोठ्या डॉक्टरांनी मान डोलावली. फाईलमध्ये कागद लागला. पहिल्या दिवशी इंजेक्शनं, मग गोळ्या, मधूनमधून रक्त किती पातळ झालं ते बघायची तपासणी. आप्पांनी सुरेखाला बसवून सांगितलं की या गोळ्यांवर हिरव्या पालेभाज्या मापात, रोज कमी-जास्त नाही, नाहीतर गोळीचं काम होत नाही. "आन् येळामावस्येला भज्जी एक चमचा. परसाद म्हणून. आंबील तर नावालाबी न्हाय."

आमच्याकडं वेळअमावस्या म्हणजे काय ते इथल्याच माणसाला कळतं. मार्गशीर्षातली अमावस्या. सगळं गाव शेतात. कडब्याची खोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, हिरव्या पाल्याची आणि शेंगा-दाण्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे. त्या दिवशी धाराशिवात चहासुद्धा मिळत नाही. आणि आप्पा वर्षातून रजा घ्यायचे ती तेवढ्यासाठीच, दोन दिवस आधी गावाला जायचे.

अमावस्येच्या आदल्या दिवशी बालाजीचा वार होता. फिस्टुला आता चालत होता. हाताला सुया लावून चार तास छान गेले, मानेतल्या नळीला हात लावायची गरजच पडली नाही. दुपारी दोनच्या सुमाराला मशीन बंद झालं आणि सुरेखा माझ्याजवळ आली.

"ताई, हात चालू झाला न्हवं? मग ती नळी काढा की. उद्या पूजा हाय. धनी चार म्हैनं झालं डोक्यावरनं पाणी घेईना गेल्यात. पारुशा माणसानं पांडवाम्होरं कसं बसावं?"

बालाजी पलंगावरून म्हणाला, "सिस्टर, एक डाव डोक्यावरनं तांब्या घेऊ द्या वो. बाकी काय मागत न्हाय. भज्जीबी खात न्हाय, आप्पांची आण."

मी त्याच्या मानेकडं पाहिलं. पट्टीवर आप्पांनी जाताना लिहिलेलं होतं, तीन ओळींत.

दिवस ११२.
काढू नये.
फोटो होईपर्यंत हात लावू नये.

मी वाचलं. तिन्ही ओळी वाचल्या. अक्षर ठळक होतं, शाई ताजी होती. आणि मला काय वाटलं ते खरं सांगते. मला वाटलं, वरातीत नाचू नये. जावयाशी भांडू नये. झालं यांचं सुरू. पडद्यावर हलताना मी स्वतः पाहिलेलं होतं ते, दोन आठवड्यांपूर्वी. तरी मनात आलं की इतक्या गोळ्या झाल्या, विरघळलं असेल.

मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते उद्याच्या तयारीला शेतावर गेले होते, मागं लहान मुलांचा आणि भांड्यांचा आवाज. मी म्हणाले, "सर, बालाजीचा फिस्टुला चांगला चाललाय. मानेतली नळी काढायला नातेवाईक म्हणतायत."

"चाललाय ना? मग काढून टाका," ते म्हणाले.

त्यांना आठवण करून द्यायची होती मी. सर, याला गुठळी आहे, फोटो राहिलाय. जिभेवर आलेलं वाक्य होतं. पण ते वाक्य अगदी आप्पांसारखं होतं. फोनवर ते लांब सुस्कारा टाकतील, ‘तुम्हीही आप्पांच्या शिष्या झालात की’ म्हणतील, असं मला वाटलं. सहा वर्षं मी त्या माणसासारखं न बोलण्यात घालवली होती. मी "बरं सर" म्हणाले.

पट्टी सोलून पिवळ्या बादलीत टाकली. टाके कापले. बालाजीला श्वास रोखायला सांगितला आणि नळी ओढली. अलगद आली. जखमेवर दहा मिनिटं दाब धरून बसले, तेवढ्या वेळात त्यानं मला सांगितलं की उद्या सगळ्या स्टाफनं शेतात यायचं, जेवायला. नवी पट्टी लावली. तो उठून बसला, मान इकडं-तिकडं फिरवून बघितली आणि म्हणाला, "हलकं वाटतंय." मग सुरेखाच्या खांद्याला धरून दाराकडं निघाला.

तीन-चार पावलं गेला असेल. थांबला. "सिस्टर, दम लागायलाय."

मी म्हणाले, "एवढ्या दिवसांनी मोकळं झालात, असं होतं. जरा बसा."

तो बसला नाही, खाली कोसळला. ओठ निळे. मग जे करतात ते सगळं केलं, ड्यूटीवरचे डॉक्टर धावत आले, छाती दाबली, श्वासाची नळी घातली, इंजेक्शनं दिली. सोलापूरला न्यायची ॲम्ब्युलन्स दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा न्यायला काही उरलं नव्हतं. ट्रेमध्ये त्याच्या मानेतून काढलेली नळी पडली होती. मी तेव्हा तिचं टोक पाहिलं. स्वच्छ होतं, नव्यासारखं. जे होतं ते आतच राहिलं होतं. आप्पांनी सगळ्यांत आधी ते टोक पाहिलं असतं.

आणि त्याच गोंधळात, सुरेखाचा हंबरडा चालू असताना, मी पट्टी टाकलेल्या पिवळ्या बादलीतली पिशवी बांधली आणि कचऱ्याकडं पाठवली. कुणी सांगितलं नव्हतं. माझं ते कामही नव्हतं.

सुरेखाला सांगण्यात आलं की ॲटॅक आला. किडनीच्या पेशंटला येतो, हेही सांगितलं. तिनं मोठ्या डॉक्टरांचे पाय धरले, तुम्ही लई केलं म्हणाली. तिच्या दिरांना मात्र ते पटलं नाही, ते दोन दिवस गेटवर बसून होते. म्हणून दवाखान्याला कुणीतरी दाखवायला हवं होतं.

आप्पा अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी परतले. सगळ्यांत आधी ते मागच्या अंगणात कचऱ्याच्या खोलीत गेले. गाडी सकाळीच येऊन गेली होती. तरी ते रिकामे पिंप वाकून वाकून बघत होते. खिडकीतून दोघं-तिघं बघत उभे होते. "आप्पा पट्टी शोधतायत," एकजण म्हणाला आणि हशा पिकला. मी त्या हशात नव्हते, पण खिडकीत होते.

चौकशी म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये चार खुर्च्या. डॉक्टरांनी विचारलं, "रजेवर जाताना एवढा गंभीर पेशंट, लेखी सूचना कुठंय तुमची? रजिस्टरात तर नुसती सही आहे."

"पट्टीवर लिवलं हुतं."

"कुठंय पट्टी?"

आप्पा माझ्याकडं वळले. घाबरलेले नव्हते. साक्षीदार शेजारीच बसलेला असताना घाबरायचं काय, असा चेहरा. "सांग की पोरी. तुझ्याच हातानं काढलीस न्हवं?"

मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना फोन आठवत होता, आणि मी फोनवर काय बोलले नव्हते तेही आठवत होतं. फाईलमधला सोलापूरच्या डॉक्टरांचा कागद त्यांनाही माहीत होता आणि मलाही. आम्ही दोघं एकाच नावेत होतो आणि आप्पा एकटे काठावर. मी म्हणाले, "दिवस लिहिलेले होते, सर. ११२. बाकी काही दिसलं नाही."

आप्पा ओरडतील म्हणून मी अंग चोरून बसले होते. चिमटा, गॉज, खोटारडी, काहीतरी येईल. काहीच आलं नाही. त्यांच्या कपाळावर आठी पडली, मशीन अडलं की पडायची तशी.

"दिसलं न्हाय?" ते म्हणाले. "घामानं पुसलं का काय मग? पोराला घाम लई यायचा."

"बघा, तुम्हीच म्हणताय," मोठे डॉक्टर म्हणाले.

जन्मात कुणावर विश्वास न ठेवलेल्या त्या माणसानं माझ्या त्या एका वाक्यावर विश्वास ठेवला. मी खोटं बोलेन हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी ॲप्रन काढून घडी घालून टेबलावर ठेवला आणि ते गेले. गेटवर दिरांना सांगण्यात आलं की जबाबदार माणसाला काढलं आहे. ते उठून गेले.

त्यांच्या जागी मी इनचार्ज झाले. आता आमच्याकडं छापील फॉर्म आहेत, पट्टीवर लिहायला बंदी आहे. मानेत नळी असलेल्या प्रत्येकाचा हृदयाचा फोटो मी वेळच्या वेळी करून घेते. फोटोशिवाय नळीला हात लावू देत नाही. नवीन मुली माझ्यामागं मला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

दोन वर्षांनी उमरग्याकडचा एक पेशंट आला. बोलता बोलता म्हणाला, "आमच्या गावात बी एक दवाखान्यातलं म्हातारं हाय, सिस्टर. जरा डोक्यावर परिणाम झालाय. पोरांची पाटी घेऊन अक्षरं गिरवत बसतंय दिवसभर."

रविवारी मी गेले. घर शोधावं लागलं नाही, ते दारात चौथऱ्यावरच बसले होते. मांडीवर पाटी. माझ्याकडं पाहिलं, ओळखलं आणि मान खाली घालून परत लिहायला लागले. आतून त्यांची बायको पाणी घेऊन आली. मी दवाखान्यातली म्हटल्यावर ती माझ्याजवळ टेकली आणि हळू आवाजात बोलायला लागली.

"रोज हेच हाय, ताई. लिवत्यात आन् मला इचारत्यात, वाचाया येतंय का, नीट दिसतंय का? मला कुठं वाचाया येतंय? म्या म्हंते, व्हय, दिसतंय. तर म्हंत्यात, तू खोटं बोलतीस."

पाटीवर जे होतं ते मी वाचलं. काढू नये. काढू नये. काढू नये. एकाखाली एक, मोठं, गोल, बिनचूक.

"आप्पा," मी म्हणाले, "मी वाचलं होतं."

पेन्सिल थांबली.

"त्या दिवशी. पट्टीवरचं. मी वाचून नळी काढली. साहेबांपुढं मी खोटं बोलले."

मी चौथऱ्याची कडा घट्ट धरून बसले होते. काहीही ऐकायची माझी तयारी होती, तेवढ्यासाठीच मी तिथवर आले होते.

"सगळं वाचलीवतीस?" त्यांनी विचारलं. "तिन्ही वळी?"

"तिन्ही."

"पुसलं नव्हतं?"

"नाही आप्पा. स्पष्ट होतं."

त्यांनी पाटी बाजूला ठेवली. खांदे खाली आले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं, ते हसले. बायकोकडं वळून म्हणाले, "ऐकलीस का? नीट हुतं म्हणती. पोरगं माझ्या अक्षरानं न्हाय गेलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं. आप्पांच्या मात्र मनात राग नव्हता, मला विचारायचंही काही उरलं नव्हतं. त्यांना तेवढंच एक हवं होतं, आणि दोन वर्षं ते माझ्याकडं होतं.